सर्व्हरची फळी भरली तेव्हा

मला मदत केली ती सांगोल्याकडच्या ताईंनी. काय झालं ते मागून सांगते, ताईंचं आधी. आमच्या युनिटमध्ये ही हकिगत कुणीही सांगायला लागलं की सर्व्हरपासून सुरू करतं, आणि ताई शेवटी कुठेतरी स्कूटीवरून येतात नि जातात. मला ते पटत नाही.

ताई म्हणजे आमचे कॉम्प्युटर बघायला येतात त्या. वयाने माझ्याहून लहानच. आमच्यासारखी कपड्यांची बरीच युनिटं त्यांच्या हाताखालून जातात. घरी मेंढरं आहेत, वडील अजून कळप घेऊन बाहेर पडतात. ताई सोलापुरात राहून शिकल्या, पण बोलणं गावाकडचंच ठेवलं. उंची बेताची, पाठीला काळी बॅग, ओढणी कायम डाव्या खांद्यावर पिनेने पक्की केलेली. येताना कधी घाई नाही, जाताना कधी चहाला नाही म्हणणं नाही. त्या दिवसापर्यंत मला त्यांच्याविषयी ठाऊक होतं ते एवढंच.

मी गोंदियाकडची. आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे तळी आणि भाताची बांधी, म्हणजे बांध घातलेली खाचरं. आठवीत शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरी धाकटी भावंडं होती, त्यापलीकडे काही कारण नाही. नवऱ्याला रस्त्याच्या कामावर इकडे सोलापुरात नोकरी लागली म्हणून गाडीत बसले, तर गाडी चालतच राहिली, चालतच राहिली. उतरले तेव्हा उन्हाने डोळे उघडेनात. इथली माणसं भाकरी खातात, मोठ्याने बोलतात आणि मनाने चांगली आहेत, हे कळायला मला वेळ लागला. मी मुळात घाबरट. दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जाणारी.

आमचं युनिट शुक्रवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वर. शाळेचे युनिफॉर्म शिवतात. मी आधी शिवणाच्या रांगेत होते, कॉलर लावायला. तिथे मास्तरांनी पहिल्या संध्याकाळी जे शिकवलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मास्तर म्हणजे आमचे कटिंगमास्तर. घरचे विणकर, घरात तेलुगू बोलतात, बाहेर सगळ्या भाषा. वयाने वडिलांसारखे. काम संपवून मी मशीन पुसलं, सुईतला दोरा काढला, सगळं स्वच्छ करून उठले. मास्तर आले, बघितलं आणि मला परत खाली बसवलं.

"अम्मा, मशीनला रिकाम्या पोटी झोपवायचं नाही."

सुईत दोरा ओवून ठेवायचा. सुईखाली एक चिंधी दाबून ठेवायची. तेल गळालं तर चिंधी टिपते हे खरं, पण मास्तरांचं कारण वेगळं होतं. हातातलं काम पुरं संपवून घरी जायचं नाही, शेवटचा एक टाका उद्यावर ठेवायचा. टाका वाट बघतो, मग उद्याचं काम येतं. त्यांच्या वडिलांच्या मागावर तसंच चालायचं म्हणे. शेवटचा धागा सकाळसाठी. मला ते फार आवडलं. एवढ्या लांब येऊन पडलेल्या माणसाला कुणीतरी उद्या आपली वाट बघणार आहे, हे बरं वाटतं.

पुढे मालकांनी कॉम्प्युटरची खोली केली. पॅटर्न म्हणजे कापड बेतायचा कागदी खाका, तो हाताने काढण्याऐवजी पडद्यावर काढायचा, आणि खोलीभर लांब कागदावर छापणाऱ्या मशीनमधून बाहेर घ्यायचा. मास्तरांनी रांगेतून चौघींना निवडलं. त्यात माझं नाव घेतलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरी कुणी आहे का म्हणून.

आमच्या चौघींच्या टेबलांवर होते ते नुसते पडदे. खरं काम चालायचं कोपऱ्यातल्या लोखंडी जाळीच्या कपाटात, एका काळ्या डब्यात. तो सर्व्हर. आम्ही चौघी चार दिशांना रेघा काढायचो आणि तो एकटा चौघींचं ऐकून चौघींना उत्तर द्यायचा, कुणाचं कुणात मिसळू न देता. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कपाटासमोर चप्पल काढली. शेजारी बसणारी आपा अजून त्यावरून हसते. आपा इथलीच, माझ्या आधीपासून कामाला.

"सर्व्हर है गे वो, दर्गा नै."

पण संध्याकाळी घरी जाताना आपाही तेच करायची जे आम्ही सगळ्या करायचो. आम्हाला कुणी ठरवून सांगितलं नव्हतं. हातातला पॅटर्न शेवटची एक खूण न करता तसाच उघडा ठेवायचा, पडद्याच्या खालच्या पट्टीत लपवायचा, पडदा विझवायचा आणि निघायचं. सकाळी पडदा लावला की पॅटर्न जसाच्या तसा समोर. खूण करायची, छापायला पाठवायचा, दुसरा उघडायचा. पहिला बंद कशाला करायचा? रिकामं टेबल ठेवून जायचं नाही, हे हातात मुरलेलं. आणि कागदावर काढलेली रेघ काढलेलीच राहते, तशी पडद्यावरचीही राहते असं आम्ही धरून चाललो. छापताना फाइल आपोआप साठवली जायची, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. काम येतही होतं भरपूर. चिंधीचा गुण, असं मास्तर म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात एका वसतिगृहाचं काम आलं. शहराबाहेर आहे ते. कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाची पाठ, काही ना काही कमी-जास्त असलेली मुलं तिथे राहून शिकतात. नमुन्याचे शर्ट दाखवायला मास्तर मला बरोबर घेऊन गेले. एका मुलीला शर्ट घातला. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगला खाली. शर्ट त्या बाजूला घसरला, कॉलर मानेवरून सरकली. तिने हाताने ओढून नीट केली. परत सरकली, परत ओढली. ओढताना तिचं लक्षही नव्हतं, तिच्याकडून ते आपोआप होत होतं, आपण केस मागे सारतो तसं.

मी तिला विचारलं, "टोचतंय का?"

ती म्हणाली, "नाही. माझा कपडा असाच असतो."

परत येताना रिक्षात मी मास्तरांना घाबरत घाबरत म्हटलं, की प्रत्येकाचं माप वेगळं घेऊन वेगळा पॅटर्न काढला तर.

"एकेका पोराला एकेक पॅटर्न? आणि कापायचं कधी, अम्मा? शाळा उघडल्यावर?"

रिक्षा बरीच पुढे गेल्यावर तेच म्हणाले, "काढशील?"

"हो जी."

माप घ्यायला मी पुन्हा गेले, मग पॅटर्न काढत बसले. सगळ्या मुलांचे शर्ट एकाच फाइलमध्ये, शेजारी शेजारी, रांगेत उभी केल्यासारखे. शर्टाचे दोन खांदे वेगळे काढायचे हे मी कुठे शिकले नव्हते. डावा काढायचा, उजवा काढायचा, दोन्ही कॉलरपाशी येऊन भेटायला पाहिजेत, आणि भेटायचेच नाहीत. पुसायचं, परत काढायचं. हळूहळू भेटायला लागले. घरी झोपेतही मी खांदे काढत असायची. मास्तरांनी मुदत घातली होती. कटिंगचं टेबल अमुक सकाळी मोकळं आहे, पॅटर्न छापून टेबलावर आले तर माझ्या मापाने कापायचं. नाही आले तर ठरलेल्या साईजने कापायचं, मग मला विचारायचं नाही.

आदल्या दिवशी दुपारी माझं सगळं काढून झालं होतं. शेवटच्या काही खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. संध्याकाळी छापायचं, सकाळी टेबलावर.

जेवून आलो तर माउसचा बाण सरकेना. सरकला तर हात थांबल्यावर मागाहून सरकायचा, म्हाताऱ्या माणसाने हाक ऐकून उशिरा वळावं तसा. मग तेही बंद झालं. चौघींचे पडदे थिजले. कपाटातून डबा मात्र आत काहीतरी ओढत असल्यासारखा कुरकुरत होता, थांबत नव्हता. आणि मग आपाच्या पडद्यावरचा पॅटर्न आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. मागे नुसती निळी पाटी.

"मैं हात बी नै लगायी," आपा दोन्ही हात वर करून म्हणाली. "देखो, सब देखो. हात बी नै लगायी."

मास्तर आले. कपाटाकडे बघितलं, कान लावून ऐकलं, एका हाताने ताईंना फोन लावला आणि दुसरा भिंतीवरच्या बटणाकडे नेला. "एकदा बंद करून चालू करू की. पंखा पण तसाच होतो."

मला वाटलं तेवढंच बरं. पण बटणाला बोट लागायच्या आत दुसऱ्या हातातल्या फोनवर ताईंनी उचललं होतं. मास्तरांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"कुनी बी कशाला हात लावू नगा. बटन तर अजाबात न्हाय. येतेच."

ताई येईपर्यंत आम्ही चौघी हात मांडीवर घेऊन बसलो. हात लावू नका म्हटल्यावर कुठे ठेवायचे ते कळत नाही.

त्या आल्या. डब्याला थेट आपला पडदा आणि कीबोर्ड जोडला. एक शब्द टाईप करायच्या आणि थांबायच्या. अक्षरं एकेक करून उमटायची. त्या चिडल्या नाहीत, परत दाबलं नाही, की टेबलावर बोटं वाजवली नाहीत. त्याला वेळ दिला. दुखणाऱ्या जनावराजवळ माणूस बसतं तसं त्या खोलीतल्या उकाड्यात त्या डब्याजवळ बसल्या होत्या.

"लई दमलंय हे," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "तुमचं कटिंगचं टेबल हाय न्हवं? हातातलं काम टेबलावर. टेबल भरलं की काय करता?"

"मागच्या फळीवर गठ्ठा ठेवतो," मी म्हटलं.

"आन् लागंल तवा?"

"परत घेतो."

"ह्याचं बी तसंच. ह्याच्या टेबलाला मेमरी म्हनत्यात. ते भरलं की आतल्या डिस्कवर एक जागा राखून ठिवल्याली असती, तितं गठ्ठं ठेवतंय. त्या फळीला म्हनत्यात स्वॅप. आता टेबल बी भरलंय आन् फळी बी भरलीया. मघापासनं हे नुसतं हितलं तितं, तितलं हितं करतंय. तोच आवाज येतोय तुमाला."

"आणि आपाचं गेलं ते?"

ताईंनी आपाकडे बघितलं. "जागाच उरली न्हाय की हे सोताच ठरवतंय. एक गठ्ठा उचलायचा, भाईर टाकायचा. बाकीच्यांनी जगावं म्हनून."

"कुणाचा गठ्ठा?"

"बहुतेक जो सगळ्यात मोठा असंल त्यो. आपांचा तवा मोठा असंल." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आता सगळ्यात मोठा ह्यो हाय. ह्यो कुनाचा?"

मला विचारायची गरजच नव्हती. मी उभी राहिले होते.

त्या माझ्या टेबलाशी आल्या. पडदा थिजलेला होता, पण थिजताना जे समोर होतं ते तसंच दिसत होतं. सगळ्या मुलांचे शर्ट रांगेत उभे. ताईंनी वाकून बघितलं.

"साठवलंय का हे कुटं?"

"नाही जी. छापताना साठतं."

"दोन्ही खांदं येगळं का काढल्यात?"

मी सांगितलं. मुलीचं सांगितलं, कॉलर ओढण्याचं सांगितलं. ती काय म्हणाली तेही सांगितलं, की माझा कपडा असाच असतो. ताई ऐकत होत्या आणि त्यांचा हात आपसूक वर गेला, डाव्या खांद्यावरच्या पिनेपाशी. ओढणी तिथे होती तशीच होती, सरकलेली नव्हती. तरी त्यांनी ती जराशी वर ओढली.

मी कपडे शिवणारी बाई. पाठमोऱ्या माणसाचंही माप माझ्या डोळ्यांत उतरतं. मग मी बघून न बघितल्यासारखं केलं.

"हे जाऊ द्यायचं न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या आणि परत डब्याकडे गेल्या.

मास्तर मागून म्हणाले, "ताई, बाकीचे जुने काढून टाका की. जागा होईल."

"किती हायत ते बगा तर." त्यांनी पडद्यावरची यादी सरकवली. ती सरकत राहिली. "दिवाळीतला शर्ट बी उघडा हाय हितं. ह्यो पोरींचा पिनो फ्रॉक बी. कुनी काय बंदच करत न्हाय काय तुमी?"

आम्ही चौघींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खिडकीकडे बघितलं.

"कुनाच्यात काय करायचं राहिलंय मला कळंना," ताई म्हणाल्या. "न इचारता मी कुनाचं बंद करनार न्हाय. आदी हिचं वाचवू."

त्यांनी एक ओळ लिहिली. थांबल्या. उमटली.

"काय केलंत?" मी विचारलं.

"सांगून ठिवलं. काय बी झालं तरी ह्या गठ्ठ्याला हात लावायचा न्हाय."

"ऐकतं का ते?"

"मानसापरीस जास्त."

आपा तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही, मी ती उमटलेली ओळ पुन्हा बघितली.

"आता नवी फळी ठोकायची. चालू कामात. डिस्कवर जागा मोकळी पडलीया, तितलीच घ्यायची."

"बंद न करता?" मास्तर म्हणाले.

"बंद केलं तर टेबलावरचं बी गेलं आन् फळीवरचं बी. मग कशाला पळत आले मी?"

तेव्हा मला पहिल्यांदा पुरतं कळलं की मास्तरांचं बोट बटणापासून किती जवळ होतं. मास्तरांनाही कळलं असावं. त्यांनी तो हात पाठीमागे घेतला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

ताईंनी दोन-चार ओळी लिहिल्या असतील, जास्त नाही. डिस्कवर एवढी जागा वेगळी कर. ती कोऱ्या शून्यांनी भरून घे. ती फळी आहे असं मान. आता वापरायला घे. दर ओळीनंतर त्या मला सांगत होत्या, मी विचारलं नव्हतं तरी. सगळ्यात जास्त वेळ शून्यं भरायला लागला. थकलेला डबा स्वतःसाठीच जागा झाडून घेत होता, आणि त्याच वेळी डोक्यावरचं ओझं सांभाळून होता. आमच्याकडे भाताच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत बाया डोक्यावर रोपांचा भारा तसाच ठेवून पायाने बांधीचा फुटका काठ लिंपतात, ते मला आठवलं. मी हे ताईंना सांगितलं.

"तुमचं गाव कुटलं?"

"गोंदियाकडे जी."

"लई लांब की. आन् ह्ये तुमचं 'जी' लई ग्वाड हाय. आमच्यात मेंढराला बी कुनी जी म्हनत न्हाय."

"तुम्हाला म्हणते ना."

"म्हना. मला चालंल."

हे बोलणं चालू असतानाच आवाज बदलला. आधी कपाटातली कुरकुर एकसारखी होती, ती तुटायला लागली. थांबली, पुन्हा आली, थांबली. ताईंनी हात वर केला. सगळ्यांनी कान दिला.

"घेतली फळी," त्या म्हणाल्या. "तुमच्या टेबलाकडं जावा. पन दाबू नगा काय."

मी खुर्चीत बसले. पडदा अजून तसाच. मग बाण हलला. मग पडदा पांढरा झाला, पुरा पांढरा.

"थांबा," ताई मागून म्हणाल्या. "फळीवरनं टेबलावर आनतंय. येळ लागतोय."

पांढऱ्यात एक रेघ आली. गळ्याची. मग उजवा खांदा. मग बाही, अर्धी. मग काहीच नाही. मग दुसरा शर्ट, त्याची पाठ. एकेक तुकडा येत होता, कसलीही घाई न करता, आणि प्रत्येक आपल्याच जागेवर. एकही रेघ दुसऱ्याच्या अंगावर गेली नाही. एवढ्या गर्दीत, एवढं दमून, जागा नाही म्हणून डोक्यावरून खाली आणि खालून डोक्यावर करताना त्याने कुठल्या मुलाचा कुठला खांदा तो लक्षात ठेवला होता. मी तर माझ्या पिशवीत किल्ली कुठे ठेवली ते विसरते. शेवटी त्या मुलीचा शर्ट आला. आधी कॉलर. मग वरचा खांदा. खालचा यायला वेळ लागला. तोही आला, आणि कॉलरपाशी येऊन भेटला.

माझ्या खुर्चीमागे सगळ्या येऊन उभ्या होत्या. आपासुद्धा.

"आता साठवा," ताई म्हणाल्या.

"तुम्हीच करा ना जी."

"काढलंय कुनी?"

"मी."

"मग साठवा."

मी साठवलं. दाबलं, आणि थांबले, जसं त्या थांबत होत्या. खाली अक्षरं आली, साठवलं म्हणून. मी परत दाबलं. मग परत.

"बास की," ताई म्हणाल्या. "कुलपं घालताय का काय?"

त्यानंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून जुने पॅटर्न एकेक उघडून दाखवले. हा पाहिजे? साठवा. झाला? बंद करा. आपाचा गेलेला पॅटर्न परत मिळाला नाही. बराचसा काढायचा राहिलाच होता म्हणाली, पण संध्याकाळपर्यंत मधूनमधून त्या निळ्या पाटीकडे बघत होती. बंद करताना प्रत्येकीचा हात अडत होता. उघड्या पॅटर्नवर संध्याकाळी बंदचं बोट ठेवायचं म्हणजे आमच्या हाताला शिकवलेल्याच्या उलट.

शेवटी मास्तर बोलले. शिवणाच्या खोलीत ताईंना घेऊन गेले, मशीनची सुई दाखवली, दाबलेली चिंधी दाखवली. वडिलांच्या मागावरच्या शेवटच्या धाग्याचं सांगितलं. मला वाटलं ताई हसतील. नाही हसल्या. चिंधी बोटाने चाचपून बघितली.

"ह्यात वंगाळ काय न्हाय," त्या म्हणाल्या. "शिवायच्या मशिनीला हे चालतंय. हिच्या सुईखाली एकच चिंधी मावतीया, दुसरी घालायची तर पयली काढायला लागती. त्या डब्याला तुमी रोजची चिंधी घालत आलाय, पयली न काढता. किती दिवस खाईल त्यो?"

"मग त्याला रिकाम्या पोटी झोपवायचं?" मास्तरांचा आवाज लहान झाला होता.

ताईंनी टेबलाखालच्या कातरणातून एक निळी चिंधी उचलली, आमच्या खोलीत आल्या आणि माझ्या कीबोर्डवर आडवी ठेवली.

"हितं ठेवा. आत नगा."

अजून तशीच ठेवतो. संध्याकाळी साठवायचं, बंद करायचं, कीबोर्डवर चिंधी. सकाळी चिंधी उचलायची. बाहेरून कुणी आलं तर त्यांना वाटतं धूळ बसू नये म्हणून ठेवली आहे.

त्या संध्याकाळी पॅटर्न छापले. कागद मशीनमधून लांबच लांब बाहेर येत होता आणि मी तो दोन्ही हातांवर झेलत होते. ताई चहा पिऊन गेल्या होत्या. सकाळी मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर कागद पसरले, वेगवेगळे खांदे हाताने सपाट केले आणि कात्री मला दिली नाही, पण पहिला शर्ट कापताना मला शेजारी उभं केलं.

शर्ट पोचवायला मी गेले होते. त्या मुलीने घातला. बटणं लावली आणि हात नेहमीसारखा कॉलरकडे गेला. कॉलर जागेवर होती. हात तिथे थोडा वेळ राहिला, काय करावं न कळल्यासारखा, मग खाली आला. पुढे ती मैत्रिणीशी काहीतरी बोलायला लागली, शर्टाचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. मला त्याहून जास्त काही नको होतं.

पण माझ्या लक्षात दुसरा एक खांदा राहिला आहे. ताई अजून येतात, महिन्यातून एखादी खेप. डब्याकडे बघतात, टेबल किती रिकामं, फळी किती रिकामी, ते मलाही बघायला शिकवलं आहे. वाकून काम करताना डावीकडचा कुर्ता घसरतो आणि पिनेने ओढून धरलेल्या जागी कापड विरलेलं दिसतं. पाठीला बॅग असते म्हणून कुणाला कळत नाही. मला कळतं. पैसे द्यायला गेले तर ते मालकांचं काम म्हणतात, डबा भरून भात नेला तर अर्धा मलाच खायला लावतात. त्यांचं माझ्यावर जे आहे ते अशाने फिटायचं नाही.

अजून विचारायचं धाडस झालेलं नाही. कसं विचारायचं, कुठल्या शब्दांत, हे मी अजून मनात काढते आणि पुसते. पण एक दिवस खोलीत दुसरं कुणी नसताना मी गळ्यातली मापाची टेप काढीन आणि म्हणेन, ताई, जरा उभ्या राहता का जी. डावा वेगळा घेईन, उजवा वेगळा. पॅटर्न मी स्वतः काढीन, साठवीन, कापड मी आणीन, शिवणही माझंच. त्या कुर्त्याला पीन लागणार नाही. तेवढं मी करणार आहे.